मदत हवी आहे : २.८ अब्ज वर्षांपूर्वीच्या कार्बोनेटमधून समुद्राच्या पाण्याचं स्ट्रॉन्शियम गुणोत्तर कसं काढावं?

गारगोटी :
आर्कियन काळातल्या (४ ते २.५ अब्ज वर्षांपूर्वीच्या) स्ट्रोमॅटोलाइटी, म्हणजे सूक्ष्मजीवांच्या थरांनी बनलेल्या चुनखडकाचे आणि डोलोमाइटचे नमुने आहेत. वरच्या ज्वालामुखी राखेच्या थरातल्या झिरकॉनवरून वय २.८ अब्ज वर्षं निघालं आहे. खडकाचं रूपांतरण हरितशिस्ट पातळीपर्यंतच (कमी तापमान-दाबाचं) झालंय. त्या वेळच्या समुद्रातलं स्ट्रॉन्शियम ८७/८६ गुणोत्तर काढायचं आहे, म्हणजे तेव्हा खंडीय कवच (ज्याचं गुणोत्तर प्रावरणापेक्षा जास्त असतं) पाण्याबाहेर येऊन झिजत होतं का, यावर काही बोलता येईल.

पद्धत अशी : १०० मिलीग्रॅम पूड ६ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात रात्रभर, मग सेंट्रिफ्यूज, मग स्ट्रॉन्शियम वेगळं करणाऱ्या रेझिनचा कॉलम. रुबिडियम आणि स्ट्रॉन्शियमचं प्रमाण मात्र अख्ख्या खडकाच्या पुडीवर मोजलंय. रुबिडियम-८७ चा क्षय होऊन स्ट्रॉन्शियम-८७ वाढत जातं, ते वजा करायला क्षय स्थिरांक १.४२ × १०^-११ प्रतिवर्ष धरला. तीन प्रातिनिधिक नमुने देतो.

अ : मोजलेलं ०.७०२४, रुबिडियम/स्ट्रॉन्शियम ०.००२, वयाची दुरुस्ती करून ०.७०२२
ब : मोजलेलं ०.७०६२, रुबिडियम/स्ट्रॉन्शियम ०.००४, दुरुस्तीनंतर ०.७०५७
क : मोजलेलं ०.७०३१, रुबिडियम/स्ट्रॉन्शियम ०.०४, दुरुस्तीनंतर ०.६९८४

सूर्यमालेचं सुरुवातीचं गुणोत्तरच ०.६९९० च्या आसपास आहे, मग ‘क’ त्याच्याही खाली कसा जातो? आणि या सगळ्यांची सरासरी घेतली तर चालेल का?

बेसाल्टप्रेमी :
सरासरी अजिबात घेऊ नका. हे तीन आकडे एकाच समुद्राचे नाहीत.

‘क’चं आधी बघू. क्षय स्थिरांक आता १.३९७२ × १०^-११ वापरतात. तो घातलात तरी ०.६९८५ येईल, म्हणजे दोष तिथे नाही. रुबिडियम २.८ अब्ज वर्षं त्याच जागी बसून होतं, असं तुमची दुरुस्ती गृहीत धरते. नंतरच्या द्रवांनी पोटॅशियमसोबत रुबिडियम आत आणलं असेल, किंवा रूपांतरणाच्या वेळी अभ्रकातलं किरणोत्सर्गजन्य स्ट्रॉन्शियम बाहेर पडून पुन्हा वाटलं गेलं असेल, तर आपण जास्तीचं वजा करतो. शिवाय आम्लात विरघळलेल्या भागाचं गुणोत्तर आणि अख्ख्या खडकाचं रुबिडियम अशी सांगड घातलीत, तीच मुळात चुकीची आहे. अभ्रकातलं बरंचसं रुबिडियम न विरघळलेल्या गाळात राहिलं असणार.

‘ब’मध्ये उलटा प्रकार आहे. ६ मोलर आम्ल रात्रभर ठेवलं की क्लोराइट, बायोटाइट आणि चिकणमातीची खनिजंही कुरतडली जातात. त्यांच्यातलं जास्त गुणोत्तराचं स्ट्रॉन्शियम द्रावणात येतं. बाहेरून आलेल्या द्रवांनी कार्बोनेटचं स्ट्रॉन्शियमच बदललं असण्याचीही शक्यता आहे. त्यावर कुठल्याही आम्लाचा उपाय नाही, तो नमुना सोडूनच द्यावा लागतो.

आता हा हिशेब करून बघा. रुबिडियम/स्ट्रॉन्शियम वजनी गुणोत्तराला साधारण २.८९ ने गुणलं की रुबिडियम-८७/स्ट्रॉन्शियम-८६ मिळतं. २.८ अब्ज वर्षांसाठी त्याला ०.०३९९ ने गुणायचं. वजनी गुणोत्तर ०.०१ असेल तर दुरुस्ती ०.००११५ येते. त्या काळचं प्रावरण ०.७०१ च्या आसपास होतं आणि तुमचा ‘अ’ ०.७०२२ आहे. म्हणजे ज्या फरकावरून खंडांबद्दल बोलायचं, तेवढीच दुरुस्ती झाली! रुबिडियम कधी आलं हे कुणालाच कळणार नाही, म्हणून पूर्ण दुरुस्ती हीच अनिश्चितता समजा. रुबिडियम/स्ट्रॉन्शियम ०.००१ च्या खाली असलेला अंशच (टप्प्याने विरघळवून मिळालेला भाग) वापरा. मग सगळी दुरुस्ती चुकली तरी ०.०००१२ च्या आत राहता.

चुनखडी :
वरच्याशी सहमत. टप्प्याटप्प्याने विरघळवण्याची कृती देते.

आधी पातळ छेद आणि कॅथोडोल्युमिनेसन्स (इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने खनिजाची दिसणारी चमक) बघा. भेगांतलं कॅल्साइट, स्टायलोलाइटच्या (दाबाने खडक विरघळून उरलेल्या) काळ्या रेषा आणि पुन्हा स्फटिकीभवन झालेले जाड कण टाळून बारीक ड्रिलने पूड काढा. अख्खा तुकडा दळू नका. ५० मिलीग्रॅम पुरे.

शुद्ध पाण्याने धुऊन १ मोलर अमोनियम अॅसिटेटमध्ये, पीएच ८ च्या आसपास, अर्धा तास हलवा. हे दोन-तीनदा करा. चिकणमातीला सैल चिकटलेलं स्ट्रॉन्शियम आणि रुबिडियम इथे निघून जातं. मग पाण्याने धुवा.

नंतर ०.१ मोलर अॅसेटिक आम्ल. ५० मिलीग्रॅम कॅल्साइट म्हणजे ०.५ मिलीमोल, त्याला १ मिलीमोल आम्ल लागतं, म्हणजे १० मिली. डोलोमाइटलाही जवळपास तेवढंच, फक्त तो फार हळू विरघळतो, म्हणून रात्रभर द्या. पहिले ३ मिली घालून जे द्रावण मिळेल ते बाजूला ठेवा, त्यात कणांच्या कडांवरचं बदललेलं कार्बोनेट असतं. पुढच्या ३ मिलीतून मिळणारा अंश तुमच्या कामाचा. उरलेलं विरघळवायला जाऊ नका, शेवटाकडे मोकळं आम्ल उरतं आणि ते सिलिकेटांकडे वळतं. आम्ल सौम्य असल्याने हिशेबापेक्षा थोडं कमीच विरघळेल, तेव्हा प्रत्येक अंशात कॅल्शियम मोजून खरी टक्केवारी काढा.

प्रत्येक अंशाचा छोटा भाग कॉलमआधीच वेगळा काढून त्यात रुबिडियम, स्ट्रॉन्शियम, अॅल्युमिनियम, थोरियम आणि मँगनीज मोजा. अॅल्युमिनियम किंवा थोरियम वर जायला लागलं की सिलिकेट विरघळतंय. मँगनीज/स्ट्रॉन्शियमची नव्या खडकांसाठी ठरवलेली मर्यादा मात्र इथे डोळे झाकून लावू नका. आर्कियन समुद्रात ऑक्सिजन नव्हता, पाण्यातच मँगनीज आणि लोह भरपूर विरघळलेलं होतं. त्यामुळे जास्त मँगनीज म्हणजे खडक बिघडलेलाच, असं ठरत नाही.

गारगोटी :
दोघांचेही मनापासून आभार. दोन शंका. अॅसिटेटचं द्रावण थेट कॉलमवर चालेल का? आणि अंश स्वच्छ निघाला तरी तो खुल्या समुद्राचाच आहे, एखाद्या कोंडलेल्या खोऱ्याचा नाही, हे कसं ओळखायचं?

चुनखडी :
थेट नको. आटवून तीव्र नायट्रिक आम्लाने दोनदा सुकवा, मग ३ मोलर नायट्रिकच्या १ मिलीत घेऊन सेंट्रिफ्यूज करा आणि वरचं निवळ तेवढं कॉलमवर घाला. ३ मोलरनेच धुतलं की कॅल्शियम आणि रुबिडियम जातं, बेरियम घालवायला ८ मोलर. स्ट्रॉन्शियम ०.०५ मोलर नायट्रिकने उतरतं. रेझिनचे सेंद्रिय अवशेष सोबत येतात, त्यासाठी शेवटी नायट्रिक आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकून सुकवा, नाहीतर मोजणी यंत्रातल्या तापत्या तारेवर (फिलामेंट) आयनांचा प्रवाह टिकत नाही. औष्णिक आयनीकरणाच्या यंत्रावर वस्तुमान ८५, म्हणजे रुबिडियमची खूण, सतत बघत रहा. रुबिडियम आधी कमी तापमानाला जळून जातं, त्यामुळे ८५ पार खाली आल्यावरच मोजणी सुरू करा. प्लाझ्माचं यंत्र असेल तर आर्गॉनमधला क्रिप्टॉन ८४ आणि ८६ वर येऊन बसतो, तो ८३ वरून वजा करावा लागतो. एसआरएम ९८७ या प्रमाण नमुन्याचं मूल्य ०.७१०२५ च्या आसपास यायला हवं.

बेसाल्टप्रेमी :
दुसऱ्या शंकेला त्याच अंशातली दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं उत्तर देतात. शेल या चिकणमातीच्या खडकाशी तुलना करून आलेख काढा. समुद्राची खूण म्हणजे हलकी मूलद्रव्यं कमी, लँथॅनम थोडं वर, आणि इट्रियम/होल्मियम ४४ च्या वर. शेलचा गाळ मिसळला की हे गुणोत्तर २७ कडे घसरतं. युरोपियम वर असेल तर घाबरू नका, आर्कियन समुद्रात ते अपेक्षितच आहे, कारण समुद्रतळावरच्या उष्ण झऱ्यांचा वाटा मोठा होता. पण ते फारच वर असेल आणि स्ट्रॉन्शियम प्रावरणाच्या मूल्याला चिकटलेलं असेल, तर नमुना झऱ्याच्या तोंडाशी बनला असावा. त्यामुळे सर्वांत कमी आकडा तो समुद्राचा, असंही सरसकट धरू नका. शक्य असेल तर एकमेकांपासून दूरच्या दोन-तीन छेदांतले स्वच्छ अंश तपासा. खुल्या समुद्रात स्ट्रॉन्शियम लाखो वर्षं राहतं आणि पाणी त्याहून कितीतरी लवकर ढवळलं जातं, म्हणून एकाच काळातल्या थरांत आकडे जुळायला हवेत.

सगळ्या अंशांचा एक आलेख रुबिडियम-८७/स्ट्रॉन्शियम-८६ विरुद्ध स्ट्रॉन्शियम गुणोत्तर असा काढा, आणि दुसरा गुणोत्तर विरुद्ध १/स्ट्रॉन्शियमचं प्रमाण असा. पहिल्यात २.८ पेक्षा लहान वयाची रेषा आली तर रूपांतरणाने घड्याळ पुन्हा सुरू केलंय. दुसऱ्यातही बिंदू रेषेत बसले तर पहिलीतलं ‘वय’ नुसतं मिश्रणाचं असू शकतं, त्यावर विसंबू नका.

आसपास त्याच काळाचं बॅराइट (बेरियम सल्फेटचं खनिज) मिळालं तर जरूर घ्या. त्यात स्ट्रॉन्शियम भरपूर आणि रुबिडियम जवळजवळ नाहीच, त्यामुळे वयाच्या दुरुस्तीचा प्रश्नच मिटतो. ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा आणि दक्षिण आफ्रिकेतल्या बार्बर्टनच्या ३ अब्ज वर्षांहून जुन्या बॅराइटवर असं काम झालेलं आहे.

गारगोटी :
बॅराइट नाही मिळालं. याच कार्बोनेटच्या ऑक्सिजन समस्थानिकांवरून पाण्याचं तापमान काढता येईल का?

बेसाल्टप्रेमी :
त्या आकड्यात तापमान आणि पाण्याचं स्वतःचं मूल्य अशा दोन अज्ञात गोष्टी आहेत, आणि ऑक्सिजन स्ट्रॉन्शियमपेक्षा लवकर बदलतो, कारण द्रवात तो अमाप असतो. पाण्याचं मूल्य शोधायला कवचच वापरलं गेलंय : पिलबारातल्या पॅनोरमा भागात ३.२४ अब्ज वर्षांपूर्वीचं, समुद्राच्या पाण्याने भाजून निघालेलं समुद्रतळाचं कवच छेदासारखं उघडं आहे. तिथल्या वेगवेगळ्या तापमानाला बदललेल्या खडकांवरून तेव्हाच्या समुद्राचं ऑक्सिजन-१८ आजच्यापेक्षा सुमारे ३.३ प्रतिसहस्र जास्त असल्याचा अंदाज २०२० मध्ये मांडला गेला. तो मान्य केला तर कार्बोनेटवरून निघणारं तापमान आणखी वर जातं, कारण त्यांचं मूल्य मुळातच कमी आहे. तुमच्या नमुन्यांत ऑक्सिजन फक्त बदल ओळखण्यासाठी वापरा : एकाच थरात तो घसरतोय आणि सोबत स्ट्रॉन्शियम गुणोत्तर चढतंय असं दिसलं, की तेवढे बिंदू बाहेर काढा.