लो-कार्ब आहारात दिवसाला नेमके किती ग्रॅम कार्ब्स धरायचे?

चिंचवडकर

नमस्कार मंडळी. वय ४६, उंची १६८ सेंमी, वजन ८४ किलो, काम बैठं. एचबीए१सी (तीनेक महिन्यांची सरासरी रक्तशर्करा दाखवणारी चाचणी) ६.२ आलंय. गोळी कुठलीच चालू नाही. डॉक्टर म्हणाले, कार्ब्स (कर्बोदकं) कमी करा, तीन महिन्यांनी परत तपासू. किती कमी करायचे याचा मात्र कुठेच मेळ लागत नाही. कुणी २० ग्रॅम सांगतं, कुणी ५०, कुणी १३०. त्यातून तंतू (फायबर) वजा करायचे की नाही, हा वेगळाच घोळ. मोबाइलच्या अ‍ॅपवर एका भाकरीला १५ ग्रॅमही दिसतात आणि ४५ ही.

सध्याचं खाणं असं: दोन चमचे साखरेचा चहा तीनदा, सकाळी बशीभर पोहे, दुपारी तीन पोळ्या, भाजी, वाटीभर वरण आणि भात, संध्याकाळी एक केळं, रात्री ज्वारीच्या दोन भाकरी आणि पिठलं. अंडी चालतात, मांस-मासे नाही. सोमवारचा उपवास असतो. घरात माझ्यापुरता वेगळा स्वयंपाक होणं अवघड आहे.

तराजू

आधी तुमचा आजचा आकडा काढू, म्हणजे कुठून निघायचं ते कळेल.

चहाचे तीन कप: सपाट चमचाभर साखर साधारण ४ ग्रॅम, कपातलं ६० मिली दूध ३ ग्रॅम, म्हणजे कपाला ११ आणि दिवसाला ३३. पोहे कोरडे ६० ग्रॅम धरले तर ४६, कांदा-बटाटा-दाणे मिळून ५०. दुपारी ३० ग्रॅम पिठाची एक पोळी १९, तीन पोळ्यांचे ५८. शिजलेला भात १५० ग्रॅम म्हणजे ४२. वरणात तुरीची डाळ २५ ग्रॅम असेल तर १४. भाजी ६. केळं २०. रात्री ५० ग्रॅम पिठाची एक भाकरी ३४, दोनच्या ६८. पिठल्यात बेसन २५ ग्रॅम, त्याचे १२.

झाले ३०३. उष्मांकांत बाराशेच्या वर. दिवसाला दोन हजार उष्मांक खात असाल तर साठ टक्के कार्ब्समधूनच येतायत.

आता ते तीन आकडे. तिन्ही बरोबर आहेत, फक्त कामं वेगळी आहेत. १३० च्या खाली आलात की ‘लो-कार्ब’ म्हणतात. दोन हजार उष्मांकांचे ते २६ टक्के. ५० च्या खाली बहुतेकांचं शरीर कीटोन (चरबीपासून बनणारं इंधन) वापरायला लागतं, तो झाला कीटो. २० हा अ‍ॅटकिन्स पद्धतीच्या पहिल्या टप्प्याचा आकडा. तो कायम पाळायचा म्हणून सांगितलेलाच नव्हता.

माझ्या मते तुम्ही १०० ते १२० वर थांबावं. गोळी नाही, एचबीए१सी मधुमेहाच्या हद्दीबाहेर आहे आणि आज ३०० वर आहात. एवढ्यानेच साठ टक्क्यांहून जास्त कपात होते. शाकाहारी ताटात २० ग्रॅम पाळायला गेलात तर वाटीभर वरणातच १४ संपतात. मग डाळ सुटते, डाळीबरोबर प्रथिनं सुटतात आणि माणूस पनीर नि तुपावर येतो. दुसऱ्या आठवड्यात हे फसतं ते बहुधा इथेच.

२०१८ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ६०९ जणांवर वर्षभराचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यातल्या लो-कार्ब गटाला पहिले आठ आठवडे २० ग्रॅमपर्यंत उतरवून मग जमेल तसं वाढवायला सांगितलं होतं. वर्षअखेरीस त्या गटाचे सरासरी ३० टक्के उष्मांक कार्ब्समधून येत होते. लोक टिकले ते तिथे. आणि वजनाच्या बाबतीत कमी स्निग्धांशाच्या गटापेक्षा त्यांच्यात लक्षणीय फरक पडला नाही. त्यामुळे आकडा जितका खाली तितकं वजन जास्त उतरणार, असं गृहीत धरू नका.

रानमेवा

तंतू वजा करायचे का, हे तुम्ही आकडा कुठून घेताय त्यावर ठरतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे अन्नघटक तक्ते वापरत असाल तर त्यात कार्बोहायड्रेटच्या रकान्यातून तंतू आधीच वजा झालेले आहेत. तंतूंचा रकाना वेगळा आहे. तो पुन्हा वजा केलात तर कणकेचे ६४ चे ५३ होतात आणि दिवसाच्या हिशोबात वीस-पंचवीस ग्रॅम फुकट गायब होतात. तराजू यांनी वर धरलेले आकडे वजा झालेलेच आहेत, त्यांना हात लावू नका.

अमेरिकेतल्या पाकिटावर उलटं असतं. एकूण कार्ब्समध्ये तंतू धरलेले असतात, तिथे वजा करा. युरोपातल्या लेबलवर तंतू बाहेर असतात, तिथे करू नका. आपल्याकडच्या पाकिटांवर दोन्ही प्रकार दिसतात. त्यासाठी एक सोपी पडताळणी आहे: १०० ग्रॅममधली प्रथिनं, स्निग्ध, कार्ब्स आणि तंतू यांची बेरीज करा. कोरड्या पिठात दहाएक ग्रॅम पाणी असतंच. समजा पाकिटावर प्रथिनं १२, स्निग्ध २, कार्ब्स ७५, तंतू ११ आहेत. बेरीज १०० झाली, पाण्याला जागाच उरली नाही. म्हणजे तंतू त्या ७५ च्या आत आहेत, आणि खरा आकडा ६४.

भाकरी-पोळीचं वजन तव्यावरून उतरल्यावर करण्यात अर्थ नाही. पाणी किती राहिलं ते रोज बदलतं. कोरडं पीठ मोजा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, परात ठेवून शून्य करायचा, पोळ्यांची सगळी कणीक एकदम मोजायची आणि शेवटी पोळ्या मोजायच्या. ५०० ग्रॅम कणकेत ३२० ग्रॅम कार्ब्स असतात. १८ पोळ्या झाल्या तर एकीचे १८, १४ झाल्या तर २३. लाटणाऱ्या हाताचं माप फारसं बदलत नाही, त्यामुळे महिन्यातून एकदा मोजलं तरी पुरतं. भाताला कच्चे तांदूळ मोजा, १०० ग्रॅमला ७८.

भाकरीबद्दल एक गैरसमज फार खोल रुजलाय, म्हणून सविस्तर लिहिते. १०० ग्रॅम पिठात ज्वारी ६८, नाचणी ६७, गहू ६४, बाजरी ६२. म्हणजे पोळीऐवजी भाकरी केल्याने कार्ब्स कमी होत नाहीत, ज्वारीत किंचित वाढतातच. शिवाय पोळी २५-३० ग्रॅमची आणि थापलेली भाकरी ५०-६० ग्रॅमची. ‘दोन पोळ्यांऐवजी दोनच भाकरी’ खाणाऱ्याचे कार्ब्स जवळजवळ दुप्पट होतात. भाकरी खाऊ नका असं अजिबात म्हणत नाही, चांगलीच आहे. फक्त ४० ग्रॅमचा उंडा घ्या आणि एकच खा. ज्वारीला चिकटपणा नसल्याने लहान उंडा थापताना कडा चिरतात. पीठ उकळत्या पाण्यात उकडून घेतलं की पातळ आणि सलग होते.

खानदेशी_वांगं

वेगळा स्वयंपाक लागत नाही. घरचं तेच, तुमच्या ताटातलं प्रमाण वेगळं:

बिनसाखरेचा चहा तीनदा ९. सकाळी दोन अंड्यांचं कांदा-टोमॅटो घालून ऑम्लेट, ३. दुपारी एक पोळी १९, मटकीची उसळ (कोरडी मटकी ३० ग्रॅम) १६, दुधी किंवा पालेभाजी दीडशे ग्रॅम ६, काकडीची कोशिंबीर ४, वाटीभर दही ५. संध्याकाळी २५ ग्रॅम भाजके दाणे ४ आणि ताक. रात्री ४० ग्रॅमची एक भाकरी २७, पिठलं १२, मेथी किंवा भरलं वांगं ५. ताकाचे चार धरून ११४ होतात. ऑम्लेटऐवजी मुगाच्या डाळीचं धिरडं (४० ग्रॅम डाळ) केलंत तर १८ वाढतात. त्या रात्री भाकरी अर्धी घ्या. भात हवाच असेल त्या दिवशी पोळी नको, तांदूळ २५ ग्रॅम.

प्रथिनांकडे लक्ष द्या, कारण पोळ्या कमी झाल्या की त्यांच्यातलीही कमी होतात. पोळी-भाकरीतून येणारी प्रथिनं आपण धरतच नाही, पण १०० ग्रॅम कणकेत ती १० असतात. भरून काढायला सोया चंक्स सगळ्यांत स्वस्त: कोरडे ३० ग्रॅम घेतले तर १५ ग्रॅम प्रथिनं, कार्ब्स साधारण ६. मिठाच्या उकळत्या पाण्यात फुगवून दोनदा पिळले की उग्र वास जातो, मग वांग्याच्या रश्श्यात सोडा.

उपवासाचा सोमवार मात्र मोडेल. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. कोरडा ७५ ग्रॅम घेतला तर बशीभर खिचडीत ६५, बटाट्याचे वेगळे. रताळं १०० ग्रॅमला २० च्या वर. राजगिऱ्याला हलकं समजतात, पण त्यातही ६० च्या आसपास आहेत. भगर ४० ग्रॅम शिजवा (२६), तिच्यावर दाटसर दाण्याची आमटी, सोबत काकडी-दही आणि पनीर तुपावर परतून. आमटीत गूळ घालू नका, आमसुलाने चव येते.

चिंचवडकर

मनापासून आभार. भाकरीचं गणित डोक्यातच नव्हतं. अजून तीन शंका. ‘कीटो आटा’ घ्यावा का? पहिल्या आठवड्यात गळून गेल्यासारखं होतं म्हणतात, त्याचं काय? आणि परिणाम दिसतोय की नाही हे तीन महिने वाट न बघता कसं कळेल?

तराजू

कीटो आट्यात बहुधा बदाम, जवस, सोया, इसबगोल आणि गव्हातलं ग्लुटेन असतं. ११० ग्रॅमवर राहणाऱ्याला त्याची गरज नाही. साखरविरहित चॉकलेट-बिस्किटांवर मात्र नजर ठेवा. त्यातलं माल्टिटॉल (साखरेऐवजी वापरायचा गोड पदार्थ) अंशतः पचतं आणि साखर वाढवतं, तरी पाकिटावर ते पूर्ण वजा केलेलं असतं. एरिथ्रिटॉल हा तसलाच दुसरा पदार्थ तसं वागत नाही.

औषधाची_चिठ्ठी

गळून जाण्याचं कारण पाणी आणि मीठ. यकृत-स्नायूंतल्या एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (शरीरातला ग्लुकोजचा साठा) साधारण तीन ग्रॅम पाणी साठलेलं असतं. साठा उतरला की पाणी जातं, इन्शुलिन घटल्यामुळे मूत्रपिंड सोडियमही जास्त टाकतं. पहिल्या आठवड्यात काट्यावर जे दोन किलो उतरतात त्यात चरबी थोडीच असते. डोकं दुखणं, उठताना चक्कर, पायात गोळे हे त्यातूनच येतं. मीठ घातलेलं ताक दोनदा घ्या. ओआरएस नको, एका लिटरात १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्यांनी मीठ वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा; बऱ्याचदा त्यांच्या गोळीचाच डोस उतरवावा लागतो.

धागा इतरही वाचतील म्हणून स्पष्ट लिहितो. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी स्वतःच्या मनाने कार्ब्स कापू नयेत. डोस तोच आणि भाकरी अर्धी, म्हणजे साखर एकदम खाली जाण्याची वेळ येते. आधी डोस ठरवून घ्या. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्याच दुसऱ्या प्रकारच्या गोळ्यांवर कीटो करू नये. रक्तात आम्ल साठू शकतं आणि तेव्हा साखर जवळपास नेहमीसारखी दिसते, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. मळमळ, पोटदुखी, धाप लागली तर थेट रुग्णालय गाठा. नुसत्या मेटफॉर्मिनवर हा धोका फारसा नाही. गर्भवती आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी इथल्या आकड्यांवर जाऊ नये.

सुरू करण्याआधी एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची चाचणी) तपासून ठेवा, तीन महिन्यांनी परत. काहींचं एलडीएल या आहारात बरंच चढतं, विशेषतः तूप, लोणी, खोबरं वाढलं की. तसं झालं तर स्निग्ध बदला, दाणे-तीळ-शेंगदाण्याचं तेल वाढवा.

रानमेवा

परिणाम बघायचा तर ग्लुकोमीटर, म्हणजे घरी बोट टोचून रक्तशर्करा मोजायचं यंत्र. पहिला घास घेतल्यापासून दोन तास मोजायचे, जेवण संपल्यापासून नव्हे. एकाच जेवणाच्या दोन आवृत्त्या ताडून बघा: एक दिवस तीन पोळ्या, दुसऱ्या दिवशी एक पोळी आणि उसळ, बाकी सगळं तेच, जेवणाची वेळही तीच. १४० च्या आत राहिलात तर तुमचं प्रमाण जमलं. मीटरमध्ये १५ टक्क्यांपर्यंत फरक चालतो, त्यामुळे १३६ आणि १४५ यांत काही शोधत बसू नका. १३६ आणि १८५ मध्ये शोधा. हात साबणाने धुऊन कोरडे करा. केळं किंवा आंबा सोलल्यावर तसंच बोट टोचलं तर आकडा भलताच येतो. आणि ताटात आधी कोशिंबीर-भाजी-उसळ, पोळी शेवटी. त्याच जेवणाने साखर कमी चढते.

दोन गोष्टी लॅबच्या. लोहाच्या कमतरतेचा पांडुरोग असेल तर एचबीए१सी खोटं वर येतं, म्हणून त्याबरोबर हिमोग्लोबिनही करा. आणि डॉक्टरांनी ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायला देऊन करायची चाचणी सांगितली तर आधीचे तीन दिवस रोज किमान १५० ग्रॅम कार्ब्स खा. लो-कार्बवरून थेट त्या चाचणीला बसलं तर शरीराला एवढ्या ग्लुकोजची सवय राहिलेली नसते, आकडे फुगतात आणि नसलेला मधुमेह कागदावर येतो. एचबीए१सीला हे लागू नाही, त्याला आहे तसंच जा.