हुतात्मा चौकाने फोर्टला काय दिले?

पायवाट:
ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ चे हुतात्मा चौक स्थानक सुरू झाले आणि आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत वादाला तोंड फुटले. एक सहकारी म्हणाली, "नाव काहीही द्या, फोर्ट तो फोर्टच. स्मारके फक्त हार घालण्यापुरती." मला हे अजिबात मान्य नाही, म्हणून इथे मांडतोय.

आज चौकात फ्लोराचे कारंजे, म्हणजे फ्लोरा फाउंटन, आहे तिथे पूर्वी किल्ल्याचा चर्चगेट दरवाजा होता. १८६० च्या दशकात, गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या काळात तटबंदी पाडली गेली आणि १८६४ मध्ये कारंजे उभे राहिले. तट गेले, पण आतली मिजास तशीच राहिली. हा भाग साहेबांचा आणि पेढीवाल्यांचा. मराठी माणूस इथे यायचा तो हमाल, पट्टेवाला, फार तर कारकून म्हणून, आणि संध्याकाळी गिरगाव-परळच्या चाळीत परत जायचा.

२१ नोव्हेंबर १९५५ ला हे बदलले. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी काढायच्या प्रस्तावावर विधिमंडळात चर्चा चालू होती. विधिमंडळ तेव्हा काळा घोड्याजवळच्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये भरायचे. तिकडे निघालेल्या लोकांना पोलिसांनी फाउंटनपाशी अडवले आणि गोळीबार केला. त्या दिवशी १५ माणसे गेली. पुढे १ मे १९६० ला राज्य झाले, चौकाला हुतात्म्यांचे नाव मिळाले आणि कारंज्याशेजारी स्मारक उभे राहिले.

ते स्मारक एकदा नीट थांबून बघा. घोड्यावरचा राजा नाही की खुर्चीतला पुढारी नाही. एक शेतकरी आणि एक कामगार, दोघांनी मिळून धरलेली एकच मशाल. बँका, विमा कंपन्या आणि शेअर बाजाराच्या मधोमध, या शहरातल्या सगळ्यात महागड्या जमिनीवर कामकरी माणसाचा पुतळा उभा आहे. अशी जागा देशात फार ठिकाणी सापडणार नाही. फोर्टमध्ये आपणही हक्काने उभे राहू शकतो, हे माझ्या आजोबांच्या पिढीला या चौकाने सांगितले. माझ्या मते फोर्टची आजची ओळख तिथून सुरू होते.

कागदवाला:
भावना पोचली, पण इतिहास सोयीने कापलाय. मराठी माणूस फोर्टमध्ये फक्त हमाल आणि पट्टेवाला? काशिनाथ त्र्यंबक तेलंग आणि महादेव गोविंद रानडे १८९५ च्या आधीच इथल्या हायकोर्टात न्यायमूर्ती होते. समोरच्या विद्यापीठातून मराठी पदवीधरांच्या पिढ्या बाहेर पडल्या. त्यांना विसरून 'आपण आलो ते १९५५ ला' म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

आता मूळ मुद्दा. कुठल्याही भागाची ओळख तिथे रोज चालणाऱ्या व्यवहारातून घडते. माझे अर्धे आयुष्य या चौकाच्या आसपास गेले. पदपथावरचे पुस्तकवाले, झेरॉक्सची दुकाने, नोटरी, स्टॅम्पपेपरसाठी धावणारी पोरे, दुपारी डबेवाल्यांची लगबग, हायकोर्टाकडे निघालेले काळे कोट. हे म्हणजे फोर्ट. पालिकेने पुस्तकवाल्यांना हटवले तेव्हा चौक ओळखू येईना. स्मारक तर जागेवरच होते! मग ओळख कुणाच्या हातात होती?

मीनाक्षी_डोंबिवली:
कागदवाला, पुस्तकवाल्यांबद्दल शंभर टक्के सहमत. माझी एमएची निम्मी पुस्तके त्याच पदपथावरची.

पण रोजचा व्यवहार म्हणजेच ओळख, हे मात्र पटत नाही. झेरॉक्स आणि नोटरी ठाण्याच्या कोर्टाबाहेरही आहेत. फोर्ट वेगळा वाटतो तो कशामुळे, याचे उत्तर तुमच्या यादीत नाही.

समुद्रसपाटी:
एक उदाहरण शेजारचेच घ्या. राजपुत्र एडवर्ड १८७५ मध्ये मुंबईत येऊन गेला, त्याची आठवण म्हणून सॅसून या व्यापाऱ्याने घोड्यावरचा पुतळा दिला. लोकांनी स्वार सोडला आणि घोडा उचलला. भागाचे नावच 'काळा घोडा' पडले. १९६५ मध्ये पुतळा राणीच्या बागेत हलवला. त्यानंतर कित्येक दशके त्या जागी घोडाच नव्हता, तरी लोक काळा घोडाच म्हणत राहिले. १९९९ पासून तिथे कलामहोत्सव भरू लागला, आणि २०१७ मध्ये स्वाराविना नवा घोडा आणून बसवला. म्हणजे आधी स्मारकाने भागाला नाव दिले, मग स्मारक गेले, आणि शेवटी भागानेच नवे स्मारक मागून घेतले.

यातून मला दोन गोष्टी दिसतात. स्मारक भाग घडवते, यात शंका नाही. पण काय घडवेल हे ते उभारणाऱ्याच्या हातात नसते. ज्यांनी राजपुत्राचा गौरव करायला पुतळा बसवला त्यांच्या मनात कलादालने आणि कॅफे नक्कीच नव्हते. फ्लोराचे कारंजेही आधी भायखळ्याच्या बागेसाठी ठरले होते. शिवाय त्याला फ्रियरचे नाव द्यायचे घाटत होते. ते इथे आले आणि 'फाउंटन' झाले. बसमध्ये आजही 'एक फाउंटन' म्हणून तिकीट मागणारे आहेत. ते हुतात्म्यांचा अपमान करतात असे मी म्हणणार नाही. त्यांच्या तोंडी आजोबांच्या वेळचे नाव बसले आहे, एवढेच.

लालबागचा:
सगळे वाचले. आता जरा आमच्याकडून बोलतो.

संयुक्त महाराष्ट्राचे १०६ हुतात्मे आपण म्हणतो. त्यातले पंधरा जण नोव्हेंबर १९५५ चे. मोठा संहार झाला जानेवारी १९५६ मध्ये. मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली, लोक रस्त्यावर उतरले आणि गोळ्या चालल्या त्या गिरगावात, लालबाग-परळच्या गल्ल्यांत. सीमाभागातही माणसे गेली. माणसे मेली ती आपल्या घराच्या दारात, नाक्यावर, चाळीच्या जिन्यापाशी. स्मारक मात्र फोर्टात, जिथे रात्री आठनंतर चिटपाखरू नसते.

पायवाट, तुम्ही विचारता चौकाने फोर्टला काय दिले. मी विचारतो, त्याने गिरणगावाकडून काय नेले? आमच्याकडे गिरण्या गेल्या, चाळी पडताहेत, टॉवर उठताहेत. नवीन राहायला आलेल्या माणसाला त्याच्या इमारतीखालच्या रस्त्यावर काय झाले हे कळायला एक साधी पाटी सापडणे मुश्किल. त्या लढ्याची आठवण एका चौकात गोळा करून ठेवली आणि बाकी शहर मोकळे झाले. स्मारकाने एका भागाला ओळख दिली असेल, पण दुसऱ्याची पुसायला हातभारही लावला.

पायवाट:
लालबागचा, तुमचा प्रश्न मी टाळणार नाही. पण आधी कागदवाला यांना उत्तर.

तेलंग आणि रानडे मला परके नाहीत. पण ते फोर्टमध्ये आले ते आपल्या विद्वत्तेवर, एकेकटे. १९५५ मध्ये आली ती गर्दी, आणि तिला कुठल्या पदवीची गरज लागली नाही. हा फरक मला फार मोठा वाटतो. व्यवहाराचे म्हणाल तर तो बदलतो. एकेकाळी या चौकातून ट्रॅम जायची, आज खालून मेट्रो जाते. पेढ्या गेल्या, ब्रँडेड कपड्यांची दुकाने आली. बरीच ऑफिसे वांद्रे-कुर्ला संकुलात निघून गेली. मग 'व्यवहार म्हणजे ओळख' या हिशेबाने फोर्ट दर तीस वर्षांनी नवा व्हायला हवा. तो तसा होत नाही, कारण मध्ये काहीतरी न हलणारे आहे.

समुद्रसपाटी, काळा घोड्याचे उदाहरण चोख आहे, पण ते माझ्याच बाजूचे. तिथला राजपुत्र लोकांनी नाकारला, कारण त्याचे नि त्यांचे काही नाते नव्हते. हुतात्मा चौकाचे नाते रक्ताचे आहे. 'फाउंटन' हे नाव तोंडात राहिले हे खरे, पण २०१९ मध्ये कारंज्याची डागडुजी पुरी झाली तेव्हा मी मुद्दाम बघायला गेलो होतो. वर्षानुवर्षे चढवलेले रंगाचे थर काढून मूळचा पोर्टलंडचा दगड उघडा केला होता. फ्लोराच्या वस्त्राच्या चुण्या, खालचे शिंपले, सगळे लख्ख. लोक फोटो काढत होते आणि त्यातले कितीतरी जण वळून शेजारच्या मशालीकडे जात होते. एक आजी नातवाला तो शेतकरी आणि तो कामगार बोटाने दाखवत होत्या. दोन्ही स्मारके एकमेकांना मारत नाहीत. देखणेपणाने माणूस थांबतो, आणि थांबला की दुसरे वाचतो.

आता गिरणगाव. फोर्टात स्मारक असणे बरोबरच आहे, कारण मागणी विधिमंडळाकडे होती आणि अडवले ते तिथेच. सत्तेच्या दाराशी आठवण असली पाहिजे. चूक झाली ती बाकी ठिकाणे सोडून देण्यात. मेट्रोने रोज हजारो माणसे चौकाखाली उतरणार आहेत. हुतात्म्यांची नावे, ते कुठल्या वस्तीतले आणि काय काम करणारे, हे सगळे चालताचालता वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत स्थानकात असावे, अशी माझी मागणी आहे. तसे झाले तर लालबाग-गिरगाव फोर्टमध्ये दिसेल.

कागदवाला:
'न हलणारे काहीतरी' म्हणजे स्मारकच कशावरून? हायकोर्टही हलले नाही, विद्यापीठाची इमारतही नाही. २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान दिला तो ओव्हल मैदानाभोवतीच्या त्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना. मोर्चाचे म्हणाल तर कोर्टाच्या आदेशानंतर तो आझाद मैदानात थांबतो, हुतात्मा चौकापर्यंत येतच नाही. ज्या कृतीतून स्मारक जन्माला आले ती कृतीच तिथे करता येत नसेल, तर स्मारक भागाला घडवते आहे असे मी मानणार नाही.

नावांच्या मागणीला मात्र माझी सही घ्या.

मीनाक्षी_डोंबिवली:
मोर्चाचा मुद्दा बिनतोड आहे. पायवाट, याला उत्तर द्याच.

लालबागचा:
नावे स्थानकात लावायला माझी हरकत नाही. पण क्रम उलटा हवा. आधी गिरगाव, लालबाग, परळ. जो जिथे पडला त्या नाक्यावर त्याचे नाव, आणि मग फोर्टात सगळ्यांची यादी. नाहीतर पुन्हा तेच होईल, आमची माणसे वाचायची तर आम्हाला तिकीट काढून फोर्टला यावे लागेल. आमच्या मंडळातल्या जुन्या माणसांना आपापल्या गल्लीतली नावे अजून पाठ आहेत. येत्या २१ नोव्हेंबरच्या आत ती लिहून घ्यायचे काम मी करतो. गिरगावातले कोणी इथे असेल तर त्यांनी ठाकूरद्वारपासून सुरुवात करावी.