शेव्ही ३५०: १.५ चे रॉकर काढून १.६ चे बसवताना व्हॉल्व्ह स्प्रिंग कोणती घ्यावी?

व्होर्टेकवाला:
नमस्कार मंडळी. इंजिन शेव्हरोले स्मॉल ब्लॉक ३५०, व्होर्टेक हेड, हायड्रॉलिक रोलर कॅम, लोबची (कॅमवरच्या उंचवट्याची) लिफ्ट म्हणजे उचल ०.३०० इंच. सध्या कंपनीचे १.५ चे पत्र्याचे रॉकर (कॅमची उचल दीडपट करून व्हॉल्व्हला देणारे तरफे) आणि कंपनीच्याच स्प्रिंगा आहेत. १.६ चे रोलर रॉकर लावायचे आहेत. गाडी रस्त्यावरचीच आहे, ५,८०० आरपीएमच्या वर नेणार नाही. स्प्रिंगा बदलाव्याच लागतील का? कोणी सांगतं जेवढी कडक तेवढी बरी, कोणी सांगतं जुनीखाली शिम (पातळ चकती) टाक. हेड न उतरवता काम झालं तर हवं आहे.

लोब_आणि_लिफ्टर:
बदलाव्या लागतील, पण "कडक" हा निकष धरू नका.

०.३०० ला १.५ ने गुणलं की ०.४५०, १.६ ने गुणलं की ०.४८०. व्हॉल्व्ह ०.०३० इंच जास्त उघडतो. बंद व्हॉल्व्हवरचा दाब रॉकरमुळे बदलत नाही, कारण तेव्हा स्प्रिंगची उंची तीच असते. मात्र व्हॉल्व्हची उघडझाप साधारण ७ टक्क्यांनी वेगवान होते आणि सीटवर (बंद होताना टेकतो त्या जागेवर) तो तेवढ्याच जास्त वेगाने आपटतो. कंपनीची स्प्रिंग १.७० इंच उंचीवर ८० पौंडांच्या आसपास असते. वापरलेली असेल तर त्याहून कमी. एवढ्यावर व्हॉल्व्ह सीटवरून उसळतो, वरच्या आरपीएमला इंजिन अडखळतं.

समजा नवी स्प्रिंग १.७० वर ११० पौंड, दर इंचाला ३६० पौंड आणि १.१५ ला कॉइल बाइंड (वेढे एकमेकांना टेकून स्प्रिंग आणखी दबतच नाही), अशी आहे. ०.४८० लिफ्टला तिची उंची १.२२ होते, म्हणजे बाइंडपर्यंत ०.०७० शिल्लक. किमान ०.०६० हवं, तेव्हा जमतंय. उघडा दाब ११० + १७३ = २८३ पौंड. तुमच्या कॅमला आणि आरपीएमला तो पुरेसा आहे.

आता याच स्प्रिंगखाली ०.०३० ची शिम टाका. सीटचा दाब (बंद व्हॉल्व्हवरचा) १२१ होतो, आकडा बघून बरं वाटतं. पण उघड्या स्थितीत उंची १.१९ आणि शिल्लक फक्त ०.०४०. शिमचं काम १६ स्प्रिंगांची उंची सारखी करण्याचं आहे. कमजोर स्प्रिंगेला जोर देण्यासाठी ती वापरू नका.

जास्त कडक का नको, तेही बघा. लिफ्टरवर (कॅमच्या लोबवर बसून पुशरॉड म्हणजे दांडी वर ढकलणारा भाग) येणारा भार म्हणजे स्प्रिंगचा दाब गुणिले रॉकरचं गुणोत्तर. याच स्प्रिंगेवर १.५ ला २७२ × १.५ = ४०८ पौंड, १.६ ला २८३ × १.६ = ४५३ पौंड. फक्त रॉकर बदलून पुशरॉड, लिफ्टर आणि लोबवर ११ टक्के भार वाढला. त्यावर गरजेपेक्षा फार कडक स्प्रिंग लावली तर हायड्रॉलिक लिफ्टर दबू शकतो आणि मिळवलेली लिफ्ट तिथेच जाते. हेच फ्लॅट टॅपेट (रोलर नसलेल्या, सपाट तळाच्या लिफ्टरच्या) कॅमला केलं तर नव्या कॅमचे लोब पहिल्या अर्ध्या तासात झिजू शकतात. तिथे रन-इन (नव्या कॅमची पहिली चालवणी) १.५ च्या रॉकरवर, हलक्या स्प्रिंगेवरच करायचं.

हेडकाम:
वरचं सगळं बरोबर, पण व्होर्टेकला स्प्रिंगेच्या आधी रिटेनर (स्प्रिंग वरून धरणारी टोपी) अडतो. व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर रिटेनरचा तळ आणि गाइडवरचं (व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीत सरकते तिच्यावरचं) सील यांत ०.०५० इंच उरलं पाहिजे. म्हणजे व्हॉल्व्ह बंद असताना तुम्हाला ०.४८० + ०.०५० = ०.५३० हवं. कंपनीच्या व्होर्टेक हेडमध्ये बहुधा तेवढं नसतं. सील चेपलं की तेल जळायला लागतं, आणि आणखी आदळलं की रिटेनर तुटून व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडतो.

शिवाय या हेडचे स्टड (रॉकर ज्यावर बसतो ते खुंट) दाबून बसवलेले असतात. भार वाढला की ते हळूहळू वर सरकतात आणि टॅपेट पुन्हा पुन्हा ढिलं होतं. आटे असलेले स्टड लावा. रॉकर सेल्फ-अलाइनिंग (स्वतःच व्हॉल्व्हच्या रेषेत राहणारे) घ्या, किंवा साधे रॉकर गाइडप्लेट (पुशरॉड रेषेत धरणारी पट्टी) आणि हार्डन केलेल्या पुशरॉडसह. सेल्फ-अलाइनिंग रॉकर आणि गाइडप्लेट एकत्र कधीच नाही, पुशरॉड अडकतो.

व्होर्टेकवाला:
मोजलं. एका व्हॉल्व्हला रिटेनर ते सील ०.४९५ येतंय. आता गाइड कापायलाच लागेल?

हेडकाम:
गाइड कापणं उत्तम, पण लोखंडाचा चुरा होतो, म्हणून हेड उतरवूनच. न उतरवता करायचं तर ०.०५० ने रिटेनर वर उचलणारे कॉटर (रिटेनर व्हॉल्व्हच्या दांडीला अडकवणाऱ्या छोट्या चिमट्या) मिळतात. तुमचं माप ०.५४५ होईल, म्हणजे ०.०१५ जास्तच. मात्र स्प्रिंगची उंची १.७५ होऊन सीटचा दाब ११० वरून ९२ वर येतो. खाली ०.०३० आणि ०.०१५ अशा दोन शिम टाका, उंची १.७०५, दाब १०८. शिमचा उपयोग इथे आहे. रॉकरचा पोटाकडचा भाग वर आलेल्या रिटेनरला लागत नाही ना, हे मात्र बघाच. बीहाइव्ह (वर निमुळत्या) स्प्रिंगेचा रिटेनर लहान असतो, तिथे ही अडचण कमी येते.

सोळाही व्हॉल्व्ह मोजा. एका मापावर ऑर्डर देऊ नका.

लोब_आणि_लिफ्टर:
हेडवर असताना स्प्रिंग काढायची तर तो सिलिंडर टीडीसीला (पिस्टन सर्वात वर) आणा, प्लगच्या भोकातून ९० ते १०० पीएसआय हवा सोडा. क्रँक किंचित जरी पुढेमागे असला तरी हवेने फिरतो, त्यामुळे पाना क्रँकवर सोडू नका. तेल परत जाण्याची भोकं चिंधीने बुजवा, रिटेनरवर प्लास्टिकच्या हातोडीचा हलका ठोका द्या, मग स्प्रिंग दाबायचा कंप्रेसर लावा. कॉटर चुंबकाने उचला. सीलची जागा मोजताना उलट पिस्टन खाली न्या, नाहीतर व्हॉल्व्ह अर्ध्यातच पिस्टनला टेकेल आणि माप खोटं येईल. रिटेनर-कॉटर लावलेले असतील तर व्हॉल्व्ह आत पडत नाही. नव्या स्प्रिंगा पक्कडीत धरू नका. ओरखडा पडला की तार तिथूनच तुटते.

आणखी एक, जे सहसा राहून जातं. १.६ च्या रॉकरमध्ये पुशरॉडची वाटी स्टडच्या जवळ असते, त्यामुळे पुशरॉड हेडच्या भोकात स्टडच्या बाजूने घासू शकतो. इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून प्रत्येक पुशरॉड बोटाने फिरतो का बघा. रॉकरची खाच पूर्ण उघड्या स्थितीत स्टडला टेकू नये, कागदाच्या क्लिपची तार आत गेली पाहिजे. पिस्टनपासूनचं अंतर हलक्या स्प्रिंगा आणि सॉलिड (न दबणारे) लिफ्टर लावून मोजा: इनटेक टीडीसीनंतर १० अंशांजवळ किमान ०.०८०, एक्झॉस्ट टीडीसीआधी १० अंशांजवळ किमान ०.१०० इंच.