मदत हवी आहे : १९९२ ची पद्मिनी घ्यावी का?

नमस्कार मंडळी. मी लातूरचा. औसा रोडला एका रिटायर्ड गुरुजींकडं १९९२ मॉडेलची प्रीमियर पद्मिनी विकायला आहे, एमएच-२४ पासिंग. माझ्या वडिलांची हीच गाडी होती, म्हणून जीव अडकलाय.

काल बघून आलो. १०८९ सीसीचं इंजिन सेल्फ मारताच सुरू झालं, पण पहिलं मिनिटभर सायलेन्सरमधून निळसर धूर येत होता. ऑइल जळतंय हे कळतं, पण व्हॉल्व्ह सील गेलेत की पिस्टनच्या रिंगा, हे इंजिन न खोलता कसं ओळखायचं? कॉम्प्रेशन तपासून भागेल का?

खरी धास्ती पत्र्याची आहे. ड्रायव्हरच्या पायाखालची मॅटिंग उचलली, अंगठ्यानं दाबलं तर गंजाचा पापुद्रा सुटून हातात आला. दाराखालच्या पट्टीला चुंबक नेला तर दोन जागी चिकटेना, म्हणजे आत पत्रा नाही, नुसती लांबी (पुट्टी) भरलेली. या गाडीला वेगळी चासी नसते, बॉडीच सगळा भार पेलते. त्यामुळं तिथं वेल्डिंग करून गाडी खरंच धड होते का?

स्टीअरिंग बोटभर मोकळं फिरतं. ड्रम ब्रेक दाबला की गाडी डावीकडं ओढते. हे किरकोळ वाटतं, चूक असेल तर सांगा.

पंधरा वर्षांनंतरचं रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण संपत आलंय. आरटीओत पुन्हा पास होईल, अशा बेतानं आधी काय करून घ्यावं? आणि लातूर, नांदेड किंवा अंबाजोगाईत या गाडीवर हात बसलेला जुना मिस्त्री कुणाला माहीत आहे का? रविवारी बयाणा द्यायचा आहे.