मदत हवी आहे: पोथीच्या समासातली वेलपत्ती गळतेय

रावपुरेकर: पणजोबांची हस्तलिखित पोथी आहे. समासात वेलपत्ती काढलीय, ती गळतेय. बाइंडर लॅमिनेशन करा म्हणतो. रविवारच्या आत हवंय. बडोद्यात कोण करतं? लवकर सांगा.

खळवाला: लॅमिनेशन अजिबात नको. गव्हाच्या पिठाची खळ, त्यात चिमूटभर मोरचूद, मागून पातळ कागद. आमच्याकडे वडिलांपासून हेच.

शाईचा डाग: थांबा. रंग गळतोय की कागद? पत्ती कुठल्या रंगाची? पोथी सुटी की शिवलेली?

रावपुरेकर: हिरवी, अजून कसली असणार! सुटी पानं, वर-खाली फळ्या, लाल रुमालात. कागदच गळतोय, पत्तीच्या आकाराची भोकं पडलीत. लाल फुलं मात्र ठणठणीत.

शाईचा डाग: हे आधी सांगायचं ना! जंगाल दिसतोय, तांब्यापासून केलेला हिरवा. दमट हवेत तो कागद खातो. लाल बहुधा हिंगूळ, तो खात नाही. पत्तीच्या मागे तपकिरी छाया आहे?

खळवाला: खातो म्हणूनच तर खळ लावायची.

शाईचा डाग: खळीत पाणी असतं. पाण्याबरोबर तांबं शेजारच्या कोऱ्या कागदात पसरतं. आणि तुमच्या मोरचुदात काय असतं? तांबंच.

अवांतरप्रेमी: रोमन शिलालेखांत दोन शब्दांमध्ये आयव्हीचं पान कोरायचे. पुढे १५००च्या सुमारास व्हेनिसचा मुद्रक आल्दुस मानुत्सिओ, त्याच्या नावाने ओळखलं जाणारं तसंच आयव्हीचं पान बाइंडर चामड्यावर सोन्यात उठवत. अंड्याचा पांढरा भाग लावायचा, वर सोन्याचा वर्ख, मग तापवलेला पितळी ठसा. नवं कव्हर करणार असाल तर असंच करा, झकास दिसेल.

खळवाला: त्यांची पोथी गळतेय, तुम्ही व्हेनिसला निघालात.

जुनं_ते_सोनं: विकायची आहे का? व्यक्तिगत निरोप करा.

रावपुरेकर: विकायची नाही! मागे तपकिरी आहे, खालच्या पानावरही उमटलंय. पण करू काय ते सांगा ना. रविवारी मामा पारायणाला नेणार आहेत.

शाईचा डाग: पारायणाला छापील प्रत द्या. हिरवं असलेलं पान वाकलं की तिथेच तुटतं. पानांमध्ये आम्लरहित कागद घाला (वर्तमानपत्र नको), आडवी, कोरड्या जागी ठेवा. आत्ताच फोटो काढा. मग बडोद्यातल्याच प्राच्यविद्या मंदिरात (विद्यापीठाची हस्तलिखितांची संस्था) जाऊन हस्तलिखितांचं जतन कोण करतं ते विचारा. गळलेले तुकडे पाकिटात ठेवलेत ना?

रावपुरेकर: आईने परवाच रुमाल झटकला. आणि छापील प्रत मामा घेणार नाहीत, तुम्ही ओळखत नाही त्यांना.

खळवाला: मोरचूद न घालता खळ चालेल का, तेवढं विचारा तिथे.