जवळच्याच बंदरातून तीन रात्रींची क्रूझ : याला प्रवास म्हणायचं की नाही?

खारावारा
गेल्या महिन्यात आईबाबांना घेऊन तीन रात्रींच्या क्रूझवर जाऊन आले. बंदर घरापासून तासाभरावर. आल्यापासून ओळखीतल्या निम्म्या लोकांकडून एकच ऐकतेय : "बोटीवर राहून आलात, त्याला काय प्रवास म्हणायचं? तेवढ्या दिवसांत कुठेतरी जाऊन आला असतात." मला हे अजिबात पटत नाही, म्हणून धागा काढला.

बाबांचे दोन्ही गुडघे गेलेत. विमानतळावरची लांबलचक चाल, रोज नवं हॉटेल, रोज सामानाची बांधाबांध हे सगळं त्यांनी चार वर्षांपूर्वीच सोडलं. "तुम्ही जा, मी घर सांभाळतो" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. इथे बॅग एकदा उघडली ती शेवटच्या रात्रीच भरली.

आणि एक गोष्ट सांगतेच. बोट सुटताना आम्ही वरच्या डेकवर होतो. धक्क्यावरचे दोर सुटले, जहाज ओढणाऱ्या टगबोटीने आमच्या जहाजाचं नाक फिरवलं आणि ज्या शहरात बाबांनी पन्नास वर्षं काढली ते त्यांनी पहिल्यांदा पाण्यावरून पाहिलं. पुढे खुल्या पाण्यात आल्यावर एक छोटी बोट आमच्या कुशीला चिकटून धावायला लागली. जहाजाच्या पोटातलं दार उघडलं, बंदराबाहेर काढून देणारा पायलट दोरशिडीवरून खाली आला, लाटेवर ती बोट वर उचलली गेली त्याच क्षणी त्याने पाऊल टाकलं आणि गेला. बाबा कठडा धरून उभे होते. खुर्ची मागेच होती, पण बसले नाहीत.

माझ्या मते हा प्रवासच आहे. तुमचं मत सांगा.

पायवाट
ताई, बाबांचं वाचून खरंच बरं वाटलं. ज्यांना चालणं जमत नाही त्यांच्यासाठी ही सोय आहे हे मान्य. पण धडधाकट माणसं सुट्टी मिळाली की हाच पर्याय उचलतात, त्याला माझा विरोध आहे.

तीन रात्रींत जहाज लांब जातच नाही. वीस नॉट म्हणजे ताशी ३७ किलोमीटर, आणि छोट्या फेरीत बरेचदा त्याहूनही हळू चालवतात. कारण साधं आहे : वेग दुप्पट करायचा तर इंजिनाला साधारण आठपट ताकद लागते, म्हणजे इंधन आलं. मग रात्रभर जवळपासच्या पाण्यात रेंगाळायचं, सकाळी एखाद्या बंदराला लागायचं, दुपारी चारच्या आत सगळे परत बोटीवर. मला एखादं गाव कळायला तिथली संध्याकाळ लागते. दुकानांची शटरं खाली येतात, माणसं ओट्यावर येऊन बसतात, घराघरांत दिवे लागतात. क्रूझ नेमकी तीच वेळ आपल्याकडून काढून घेते. गाव पाहिल्याची नोंद होते, पण गाव भेटत नाही.

शिवाय केबिनचे दर दोन माणसं धरून लावलेले असतात. माझ्यासारख्या एकट्याने जायचं तर जवळजवळ दोघांचे पैसे. वाय-फाय, पेयं, टिप, किनाऱ्यावरची सहल यांचा हिशोब वेगळाच.

निळीशाई
पायवाट, असहमत. "कुठेतरी पोहोचलो तरच प्रवास" हे गृहीतकच मला मान्य नाही. १८९१ च्या जानेवारीत 'आउगुस्टा व्हिक्टोरिया' हे जर्मन जहाज भूमध्य समुद्रात निव्वळ सहलीसाठी निघालं, कारण हिवाळ्यात अटलांटिक ओलांडणारे प्रवासी कमी असायचे आणि जहाज नुसतं उभं ठेवणं परवडत नव्हतं. तेव्हापासून लोक बोटीवर जातात ते बोटीसाठीच. काही न करता क्षितिजाकडे बघत बसायला दोन दिवस मिळणं मला फार मोलाचं वाटतं.

भरती_ओहोटी
प्रवास आहे की नाही यापेक्षा समुद्राचं काय होतं हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

मार्पोल या आंतरराष्ट्रीय करारानुसार संडासाचं सांडपाणी बारीक करून, निर्जंतुक करून किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांपलीकडे सोडता येतं, आणि १२ मैलांपलीकडे प्रक्रिया न करताही. बेसिन, शॉवर आणि लाँड्रीच्या पाण्यावर त्या करारात बंधनच नाही, जिथे आहे तिथे ते स्थानिक कायद्याने. २०२० पासून इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ वर आली, ही मोठी सुधारणा. पण स्क्रबर, म्हणजे धुरातलं गंधक धुऊन काढणारं यंत्र, बसवलेल्या जहाजांना जुनं जड इंधन वापरता येतं, आणि त्यांतले अनेक स्क्रबर धूर धुतलेलं पाणी समुद्रातच सोडतात. म्हणजे हवेतली घाण पाण्यात.

धक्क्याला लागल्यावरही जहाजाचे दिवे आणि एसी चालूच असतात. किनाऱ्यावरून वीज मिळत नसेल तर जनरेटर सुरू, आणि धूर बंदराशेजारच्या वस्तीत. जवळच्या बंदरातून जायचं कौतुक करताना त्या बंदराच्या भिंतीला लागून कोण राहतं तेही बघावं. इटलीने ऑगस्ट २०२१ पासून व्हेनिसमध्ये २५,००० टनांवरच्या जहाजांना शहराच्या मधल्या पाण्यात बंदी घातली ती उगाच नाही.

खारावारा
भरती_ओहोटी, लाँड्रीच्या पाण्याचं मला माहीतच नव्हतं. वाचून अस्वस्थ झाले. माझी बाजू एवढीच, की आमचं विमानाचं येणं-जाणं वाचलं.

भरती_ओहोटी
ते खरं, पण विमानाने जाणारच होतात का? तुमच्याच म्हणण्याप्रमाणे बाबा घरी राहिले असते. मग ही वाचवलेली सहल नाही, वाढलेली सहल आहे. हे तुम्हाला दुखवायला लिहीत नाही. हिशोब मांडायचा तर नीट मांडावा एवढंच.

दर्यावर्दी
मी अकरा वर्षं प्रवासी जहाजांवर हाउसकीपिंगमध्ये होतो. छोट्या फेऱ्यांबद्दल कुणी विचारत नाही ते सांगतो.

सात रात्रींच्या फेरीत जहाज आठवड्यातून एकदा रिकामं होऊन भरतं. तीन-चार रात्रींच्या फेरीत दोनदा. त्या दिवशी सकाळी शेवटचा प्रवासी उतरतो आणि दुपारी पहिला नवा चढतो. तेवढ्या तीन-चार तासांत शेकडो केबिनच्या चादरी, टॉवेल, संडास-बाथरूम. २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती हा सागरी कामगार कराराचा नियम आहे, २०१३ पासून लागू. पण ती विश्रांती दोन तुकड्यांत दिली तरी चालते, एक तुकडा सलग सहा तासांचा असला की झालं. सहा तासांत अंघोळ, कपडे, घरी फोन, मग झोप. मी एका जहाजावर सलग नऊ महिने हे केलं, तेव्हा माझी मुलगी चालायला लागली होती.

जाऊ नका असं मी म्हणत नाही, त्या नोकरीवर माझं घर उभं राहिलं. फक्त शेवटच्या सकाळी केबिन सांगितलेल्या वेळेला सोडा. तुमची वीस मिनिटं त्या माणसाच्या जेवणातून जातात.

आणि सुरक्षा कवायत टाळू नका. १३ जानेवारी २०१२ ला 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' ही क्रूझ बोट इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आपटली, ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालीच नव्हती, कारण तेव्हा प्रवासी चढल्यापासून २४ तासांत कवायत घेतली तरी चालायची. आता नियम बदललाय, जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी कवायत घ्यावीच लागते. सात किंवा जास्त छोटे भोंगे आणि मग एक लांब, हा आवाज कानात बसवा आणि आपली जमायची जागा एकदा पायांनी चालून बघा.

पायवाट
दर्यावर्दी दादा, हे कुणी लिहीत नाही. मनापासून धन्यवाद. जहाजाच्या बाबतीत माझं मत बदललेलं नाही, उलट पक्कं झालं.

पहिलटकर
मध्येच विचारते. मला बसमध्येही गाडी लागते. बोट लागू नये म्हणून काय करू?

दर्यावर्दी
केबिन मधोमध आणि खालच्या मजल्यावरची घ्या. पुढच्या टोकाला आणि वरच्या मजल्यांवर हेलकावे जास्त बसतात. मोठ्या जहाजांना पाण्याखाली पंख असतात, ते डावीकडे-उजवीकडे झुकणं कमी करतात, नाक वर-खाली होणं नाही. गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्या, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. त्रास वाटला तर मोबाइल खाली ठेवून डेकवर या आणि क्षितिज बघा. कान सांगतो हलतंय आणि डोळा सांगतो स्थिर आहे, सगळी गडबड त्यातून होते.

खारावारा
सगळं दोनदा वाचलं. पायवाट, संध्याकाळीबद्दलचं तुमचं म्हणणं माझ्यापुरतं खरं आहे, बाबांपुरतं नाही. त्यांच्यासाठी डेकवरची संध्याकाळ हीच गावातली संध्याकाळ होती. ती आमच्या आयुष्यातून वजा करायला मी तयार नाही.

भरती_ओहोटी, तुमच्या हिशोबाला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. आईने पुढच्या फेरीच्या तारखा काढून ठेवल्यात. मी कंपनीला तीन प्रश्न लिहून पाठवले : धक्क्यावर वीज किनाऱ्यावरून घेता का, स्क्रबरचं पाणी कुठे सोडता, लाँड्रीच्या पाण्याचं काय करता. आठ दिवस झाले. उत्तर आल्याशिवाय पैसे भरणार नाही, असं आईला सांगितलंय.