नुसता काउन्सेलर नेमून भागणार नाही
जातीवरच्या भेदभावाने खचलेल्या मुलांसाठी "कॉलेजात काउन्सेलर नेमा, मुलं सावरतील" असं सुचवलं जातं, ते मला अर्धंच पटलं. पहिल्याच आठवड्यात सीनियर सहज विचारतात तुझी प्रवेश परीक्षेतली रँक काय रे, त्यावरून कॅटेगरी (आरक्षणातला की खुल्यातला) काढतात, मग मेसमध्ये टेबल बदलतात, ग्रुपमधून गाळतात आणि पोरगं घरी फोनवर सांगतं सगळं मस्त चाललंय. दिल्लीच्या एम्सबद्दल तिथल्या जातीय भेदभावाची चौकशी करणाऱ्या थोरात समितीने २००७ मध्येच हॉस्टेलमधली असली विभागणी लिहून ठेवलीय. २०१९ ला मुंबईत डॉ. पायल तडवी या आदिवासी समाजातल्या निवासी डॉक्टरचा मृत्यू झाला, सीनियर्सनी जातीवरून छळल्याचा आरोप झाला, तेव्हा परत तीच चर्चा (केस कोर्टात गेलीय, त्यावर बोलत नाही). यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१२ च्या नियमांत भेदभावविरोधी अधिकारी नेमायला सांगितलंय, पण तक्रार स्वतःच्या गाईडविरुद्धच (पीएचडीच्या मार्गदर्शकाविरुद्धच) असेल तर पीएचडी पणाला लावून कोण जाणार? झोप उडालेल्या पोराला प्राणायाम शिकवताय, त्या गाईडला कोणी काही विचारतंय का?